कौलं चढायच्या आत

।। श्री ।।

अंजर्ले, ता. दापोली
२४ मे

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू अर्ध्या जेवणातून उठलीस आणि दाभोळची फेरीबोट चुकेल म्हणून निघालीस. बोट रात्रीपर्यंत चालू असते हे मलाही माहीत आहे. असो. त्या विषयावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. फोन केला की तू ‘आई, साइटवर आहे’ म्हणतेस, मेसेज केला की नुसता अंगठा दाखवतेस, म्हणून शेवटी कागद घेतला.

एसटीनं आंब्याची पेटी पाठवते आहे, तीत वरच हे पत्र आहे. आंबा शेवटचा आहे, थोडा डागी निघेल. कापून, बघून दे. आधी कामावरच्या माणसांना दे, मग तुझ्या भागीदारांना. खालचा थर अजून कच्चा आहे, तो पेंढ्यातून काढू नकोस.

वेळणेश्वरच्या घरावर कौलं चढली का? परवा तुझ्या त्या दाढीवाल्यानं फोनमधले फोटो दाखवले. आढं नवं, जुने वासे घासूनपुसून परत बसवलेले, रिपा मारून झालेल्या, आणि कौलं मात्र खळ्यात थप्पी लावून ठेवलेली. मृग ७-८ जूनला लागेल, वळवाचा तर काहीच नेम नाही. जुन्या भिंतीतले चिरे मातीत बसवलेले असतात. वरून आच्छादन नसताना चार सरी कोसळल्या की माती वाहून जाते, मग चिरा हलायला कितीसा वेळ? हे मी तुला सांगायला नको, तूच मला शिकवलं आहेस. त्या घराच्या ठाण्यातल्या मालकानं दुसरा हप्ता अडकवला म्हणून सुतारांनी हात आखडता घेतला, हे मात्र तू सांगितलं नाहीस. ते वाईच्या मुलीच्या तोंडून निघालं. त्यावर मी एवढंच विचारलं, की मालकाशी काही कागद केला आहे का, आणि तुम्हा तिघांचा आपसात तरी झाला आहे का.

झालं. आलंच शेवटी लेखणीवर.

तू म्हणालीस, ‘देईल गं, माणूस चांगला आहे.’ असेलही. पतसंस्थेत माझ्या खिडकीसमोर उभं राहून ज्यांनी ज्यांनी डोळे पुसले, ती सगळी चांगल्या माणसाला जामीन राहिलेली माणसं होती.

बरं, ते राहू दे. चैत्रात बाबा आणि मी गुहागरला तुझं काम बघायला आलो, त्याबद्दल तुला सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हा मी नुसतं ‘छान आहे’ म्हटलं आणि पाणी मागितलं, म्हणून तू जरा हिरमुसलीस. गवंडीमामा पडवीच्या भिंतीवरचं जुनं सिमेंट छिन्नीनं काढत होते. मग त्यांनी चिऱ्यावर पाणी मारलं, थापीच्या टोकानं दरजेत चुना कोंबला आणि भरलेली दरज बोटानं दाबून बघितली. तू मागे उभी होतीस. खाली वाकून भिंतीवर टकटक केलंस आणि म्हणालीस, ‘मामा, हा हातभर परत काढा, आत पोकळ वाजतोय.’ आवाज चढवला नाहीस. त्यांची सत्तरी उलटलेली, त्यांनी तुझ्या जन्माआधीपासून थापी धरलेली. मला वाटलं, आता थापी टाकतात आणि चालू पडतात. त्यांनी भिंतीला कान लावला, हसले आणि काढला. मी पाणी मागितलं ते त्या वेळी. घसा दाटला होता.

भिंतीवर ओली गोणपाटं टांगलेली बघून बाबांनी विचारलं, हे कशाला. चुना सावकाश सुकला पाहिजे, हवेतला कार्बन वायू शोषून तो पुन्हा दगडासारखा होतो, घाई केली तर भुगा होतो, असं तू त्यांना समजावलंस. परतताना बोटीवर ते मला म्हणाले, ‘कार्टीला येतं हो.’ बाबांच्या तोंडून याहून मोठं कौतुक बाहेर पडत नाही, तुला ठाऊकच आहे. चुन्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ घालता हे ऐकून मात्र मी हसले. भिंतीला गूळ, आणि पोरगी चहा पिते बिनसाखरेचा!

कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर जे रटरटायला लागतं ते मी लहानपणी माहेरी बघितलं आहे. डोळ्यांत उडाला तर डोळा जातो. त्या दाढीवाल्यानं चष्मा लावला होता, तुझा कपाळावर होता. कपाळाला चष्मा कशाला?

तुम्ही तिघं एकत्र काम करता तेव्हा बघायला चांगलं वाटतं, हे खरं आहे. तो पुण्यात बिल्डरकडे स्लॅब ओतून ओतून कंटाळलेला, आता बांबूला बोरॅक्सच्या पाण्यात बुडवत बसतो आणि मला वाळवीवर व्याख्यान देतो. मुलगा सरळ आहे. वाईची मुलगी रात्री कंदिलासारखा तो दिवा घेऊन हिशोबाची वही लिहीत होती, अक्षर सुरेख आहे तिचं. वहीत कोणी किती घातले याचे आकडे होते. मी मुद्दाम बघितलं नाही, समोर होती म्हणून दिसली. तुझ्या नावापुढचा आकडा सगळ्यात मोठा होता. पाटल्या मोडल्यास का? हे विचारायचं नव्हतं. उत्तर देऊ नकोस.

तुला हे वेड कुठून लागलं ते मला माहीत आहे. तू ऑरोव्हिलला मातीच्या विटा पाडायला शिकलीस तिथून नाही. ३ जून २०२० ला. निसर्ग वादळानं दुपारी आपल्या आगरातल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता असं नंतर सांगितलं, आम्ही तेव्हा माजघरात देवाच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसलो होतो आणि डोक्यावर कौलं फुटत होती. तू ई-पास काढून आलीस. तोंडाला मास्क, पाठीला सॅक. ‘आई, रडायचं नंतर, आधी कौलं निवडू’ म्हणालीस. मला तो राग अजून आहे.

खळ्यात बसून तू एकेक कौल हातात धरायचीस आणि बोटाच्या पेरानं वाजवायचीस. खणखणीत वाजलं की उजवीकडे, भद्द वाजलं की डावीकडे. बघता साबूत दिसणारी कितीतरी कौलं तू डावीकडे टाकलीस. मी कुरकुरले, तर एक उचलून माझ्या कानाशी वाजवलंस आणि मग पाण्यात बुडवून दाखवलंस. केसाएवढी चीर उठून दिसली. त्यांच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा छाप आहे. जर्मन मिशनऱ्यांनी तिथे १८६५ मध्ये कौलांचा पहिला कारखाना काढला हे तूच सांगितलंस. आजेसासूबाई एवढंच सांगायच्या, की आपली कौलं गलबतानं हर्णैला उतरली आणि तिथून बैलगाडीनं आली. 

सगळं गाव तेव्हा पत्रे घालत होतं. बाबांनी दरही काढून ठेवला होता. तू अडून बसलीस, की मे महिन्यात पत्र्याखाली भाजून निघाल आणि पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. मोडलेली घरं हिंडून हिंडून कौलं जमवलीस. कमी पडली तिथे स्वयंपाकघरावर ताडपत्री टाकून आम्ही तो पावसाळा काढला, आणि मी रोज तुला शिव्या दिल्या. आज या घरात मी पंख्याशिवाय दुपारची झोपते. शेजारच्या नव्या बंगल्यात, स्लॅबचं घर बांधून फार वर्षं झालेली नाहीत, तरी खाऱ्या वाऱ्यानं आतली सळी गंजून फुगली आणि छताचे खपले पडायला लागले आहेत. त्यांनी तुझा नंबर मागितला. दिला नाही. आधी कागद करा म्हटलं, मग देईन. म्हणजे मनात म्हटलं.

एक मात्र बोलते, आईनं बोलायचं नाही तर कोणी. तुमच्या पाटीवर ‘पर्यावरणपूरक’ लिहिलंय ते मला थोडं टोचतं. मोरीचं पाणी अळवाला आणि केळीला सोडायचं हे आम्ही काय, आमच्या सासवांनीही केलं. त्याला नकाशा काढून आणि जाळी बसवून तुम्ही पैसे घेता. घ्या. चाकरमान्यांना गावच्याच गोष्टी विकत घ्यायच्या असतील तर गावच्या पोरीनं का विकू नयेत? पण जांभा म्हणजे सगळं निर्मळ असं गिऱ्हाइकाला सांगू नकोस. सड्यावर जाऊन चिरेखाणी बघ, डोंगराचे नुसते चौकोनी खड्डे झाले आहेत, पावसात त्यांत गुरं पडतात. तू जुने चिरे घासून परत वापरतेस ते मला पटतं. पडक्या घरांचे खांब विकत आणतेस तेव्हा मात्र पोटात कालवतं. किंजळीचा एखादा खांब कोणाच्या तरी माजघरातला असतो, त्यावर पोरांच्या उंचीच्या खुणा असतात. रंधा मारायच्या आधी निदान मालकाला फोटो काढून पाठव. पाठवतेसही म्हणे. वाईची मुलगी सांगत होती. मग ठीक.

आता लिहितेच. मनात ठेवून झोप लागत नाही, आणि बाबा म्हणतात एकदाचं लिहून टाक, म्हणजे माझ्यापुढे बोलणार नाहीस.

तुम्ही तिघांनी पाटी लावली, बँकेत खातं काढलं, कामं घेतलीत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं तुमची भागीदारी झाली. कागद नसला तरी झाली. १९३२ च्या भागीदारी कायद्यात एका भागीदारानं धंद्यासाठी केलेली सही तिघांना बांधते. देणं झालं तर ते प्रत्येकावर पुरतं येतं. तिघांत वाटून येईलच असं नाही, ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून वसूल होतं. तुझ्याकडे काय आहे? स्कूटर, लॅपटॉप आणि या घरातला तुझा हिस्सा. आणि नोंदणी न झालेल्या फर्मला गिऱ्हाइकावर पैशांसाठी दावा लावता येत नाही, कलम ६९. म्हणजे उद्या ठाण्याचे साहेब ‘देत नाही जा’ म्हणाले, तर तुम्ही कोर्टाच्या पायरीवर बसून कौलं मोजा. २००८ च्या कायद्यानं मर्यादित दायित्वाची भागीदारी काढता येते. तिला दरवर्षी कागदपत्रं भरायला लागतात, पण घरादारावर येत नाही. सीएला विचार. वाईच्या मुलीला हे कळेल. दाढीवाल्याला कळणार नाही, पण तो सही करील.

आणि गिऱ्हाइकाशी करायच्या करारात टप्पे लिहा. छप्पर उतरवायच्या आधी इतके, आढं बसलं की इतके, कौलं चढायच्या आत इतके. कौल उतरवलं की घर तुमच्या अंगावर येतं. मालक ठाण्यात पंख्याखाली असतो. पाऊस आला आणि भिंत बसली, तर ती कोणाची? हे कुठेच लिहिलेलं नाही म्हणजे ती तुझी, कारण तिथे उभी तू असशील.

फार झालं ना? मला दिसतंय. मी खिडकीत बसून वर्षानुवर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आले, ती सवय काही निवृत्त झाली नाही. तुला ओरडायचं नव्हतं गं. तू या वयात स्वतःच्या हिमतीवर माणसांना रोजी देतेस. मी या वयात ट्रान्सफरच्या अर्जाला घाबरत होते. तू पीडब्ल्यूडीची परीक्षा दिली नाहीस म्हणून मी वर्षभर धुसफुसले, आता कोणी विचारलं की सांगते, पोरीचा स्वतःचा धंदा आहे, चुन्यात बांधते. ऐकणाऱ्याला काय कळतं कोण जाणे.

तू त्या दिवशी जे म्हणालीस ते मात्र माझ्या मनातून जात नाही. ‘आमच्यात विश्वास आहे, आम्हाला कागद लागत नाही.’

मनी, नानाकाकांची लाँच तुला आठवते का? तू लहान होतीस, तिच्या नाळीवर बसून तुझा फोटो आहे. नानाकाका आणि त्यांचा भागीदार एका ताटात जेवायचे. त्यांच्यात कधी भांडण झालं नाही, लोकांना वाटतं झालं. लाँच कागदावर भागीदाराच्या नावावर होती, अर्धे पैसे काकांचे, आणि हे त्या दोघांनाच ठाऊक. तो एका रात्रीत गेला. पोरं मुंबईत वाढलेली, त्यांनी कागद बघितला आणि कागदात होतं तेवढंच त्यांना दिसलं. त्यांची तरी काय चूक? लाँच अजून हर्णैच्या बंदरात येते, दुसरा रंग, दुसरं नाव. बाबा लिलावाला मासळी आणायला जातात तेव्हा त्या बाजूच्या होड्यांकडे बघत नाहीत, उगाच खिसा चाचपतात. काकांनी त्यानंतर काय केलं आणि काकी माहेरी का राहिल्या ते तू मोठ्यांच्या तोंडून अर्धंमुर्धं ऐकलं असशील. आपल्या घरात ते कोणी पुरतं बोलत नाही. मी तर मुळीच बोलणार नव्हते.

ते दोघंही चांगले होते. म्हणून मला तुमच्या चांगुलपणाचीच भीती वाटते.

इकडचं सांगते. ओटीचं शाकारून झालं. पागोळीखाली तू बसवलेल्या चिऱ्यांच्या चरात पालापाचोळा साचला होता तो काढला. मागच्या दारची पन्हळ बाबांनी स्वतः बांधली, शिडीवर चढू नका म्हणून मी खाली ओरडत होते, शेजारी जमले. आत्याचं गुडघ्याचं ठरलं, दिवाळीनंतर. कोकमं वाळत घातली आहेत, रोज ढग येतात आणि रोज उचलते. कड्यावरच्या गणपतीला तुझ्या कामासाठी नारळ ठेवला. तो पर्यावरणपूरक आहे, आपल्याच माडाचा.

वेळणेश्वरच्या मालकाला तू फोन करू नकोस, त्या वाईच्या मुलीला करू दे. हिशोब जिचा तिचाच आवाज बरा. सुतारांची निम्मी मजुरी तरी आजच चुकती करा. लागले तर माझ्या खात्यात आहेत, पण मागशील तेव्हाच देईन आणि कागदावर देईन. हसू नकोस. कौलं चढवताना दोन्ही पाख्या बरोबरीनं चढवा, एकीकडेच भार टाकू नका. हे गवंडीमामांना माहीत असेलच, तरी. आणि तू स्वतः आढ्यावर चढतेस हे मला फोटोत दिसलं. ओढणी कमरेला घट्ट खोचलेली होती, तेवढं बरं वाटलं. 

पेटीच्या तळाशी, आंब्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत चार पानं आहेत. भागीदारीचा मसुदा मी हातानं लिहून काढला आहे. पतसंस्थेच्या वकिलांना वाचून दाखवला, त्यांनी दोन ठिकाणी खोडलं. मुद्रांक किती लागेल ते भांडवलावर ठरतं, ते तुमचा सीए सांगेल. कोणी आजारी पडलं, लग्न होऊन लांब गेलं, किंवा नकोच म्हणालं, तर त्याचे पैसे कसे परत करायचे याचं कलम मी घातलं आहे. वाटणीच्या रकान्यात फक्त टिंबं आहेत, ती तुम्ही तिघांनी बसून भरा. भरताना भांडलात तरी चालेल. आत्ता भांडलेलं बरं.

तुझीच,
आई

ता. क. साक्षीदार म्हणून बाबा सही करतील. शनिवारी तिघंही या, जेवायलाच या. सोमवारी बाबांना दापोलीला डॉक्टरांकडे न्यायचं आहे, छातीचा फोटो काढायला सांगितलाय. नेहमीचंच तपासणं आहे, त्यासाठी धावत येऊ नकोस. शनिवार जमला नाही तर रविवारी.